चार मीटर तण

आमच्या घरी सरकारी पत्र आलं की ते मी उघडते. नवरा पाकिटावरचा शिक्का बघतो आणि पत्र माझ्याकडे सरकवतो. सासूबाई तेवढंही करत नाहीत. मला कागदांची भीती कधी वाटली नाही; उलट कोरा फॉर्म दिसला की माझे हात शिवशिवतात. एक चौकोन सुटायचा नाही, एक सही राहायची नाही. कृषी कार्यालयातला कारकून एकदा म्हणाला होता, "ताई, सगळ्यांचे फॉर्म तुमच्यासारखे आले तर आम्ही दुपारीच घरी जाऊ." हे मी भेटेल त्याला सांगत सुटले होते. आता सांगत नाही.

अनुदानाची योजना मीच शोधून काढली. शेत सरकारच्या नियमांप्रमाणे कसायचं आणि त्याबद्दल पाच वर्षं दरवर्षी खात्यात अनुदान जमा व्हायचं. अनुदान सगळ्या शेताचं, पण मुख्य अट एका पट्ट्याची. ओढ्याच्या कडेने चार मीटर रुंदीची जमीन मोकळी सोडायची. तिथे नांगर नाही, फवारणी नाही, कापणी नाही. जे उगवेल ते उगवू द्यायचं, फुलू द्यायचं, बी धरू द्यायचं. मधमाश्यांना फुलं मिळतात, पाखरांना आडोसा मिळतो आणि शेतातली औषधं ओढ्यात उतरत नाहीत. थोडक्यात काय, तण पाळायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे. नवऱ्याला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा तो इतका हसला की त्याला टँकर रस्त्याच्या कडेला उभा करावा लागला.

तेव्हा तो दुधाचा टँकर चालवायचा. महिन्यातले चार दिवस घरी, आणि त्यातले दोन झोपेत. शेत आहे, पण एका शेतावर तिघांचं भागत नव्हतं, म्हणून ही वणवण. गेल्या वर्षी पहिलं अनुदान जमा झालं, आम्ही दोघांनी बसून हिशोब घातला आणि त्याने टँकरच्या किल्ल्या मालकाच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. तेव्हापासून आठ महिने तो रोज घरी जेवतोय. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण तो चहात साखर किती घेतो ते मला आत्ता कुठे नीट कळलं. हे सुख माझ्या फॉर्ममुळे आलं, असं मी मनातल्या मनात रोज एकदा तरी म्हणायचे.

सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या. सासरे गेल्यानंतर बारा वर्षं त्यांनी हे शेत एकटीने ओढलं. कुठल्या साली कुठल्या तुकड्यात किती पोती गहू निघाला हे त्यांना झोपेतून उठवून विचारा, सांगतील. नाकावर माशी बसू देत नाहीत. आपलं चुकलं असं त्यांच्या तोंडून मी अकरा वर्षांत ऐकलेलं नाही. भाजी खारट झाली तर मीठच हल्ली जास्त खारट येतं. गुडघे दुखायला लागल्यापासून शेताचा कारभार हळूहळू माझ्याकडे आला. त्यांनी दिला नाही आणि मी मागितला नाही, तो आपोआप सरकला. आमच्यात भांडण नव्हतं, फक्त शेताविषयी बोलणं होत नव्हतं. मी त्यांना जेवायला वाढताना आज काय पेरलं ते सांगत नसे, आणि त्याही विचारत नसत. त्या भाजीच्या वाफ्यात असत, कधी गव्हात खुरपं घेऊन बसत, कधी बांधावरून चक्कर मारून येत. मी त्याला वेळ घालवणं समजत होते.

यंदा तपासणीचं पत्र आलं. गुरुवारी सकाळी दहा वाजता साहेब पट्टा बघायला येणार. नेमकी त्याच आठवड्यात नणंद घर बदलत होती, आणि सामान हलवायचं म्हटलं की आमच्याच घरची आठवण होते. आम्ही दोघं तीन दिवसांसाठी तिच्याकडे गेलो. निघताना मी सासूबाईंना दारातूनच म्हटलं, "आई, गुरुवारी साहेब यायचे आहेत, ओढ्याकडचा पट्टा बघायला. आम्ही बुधवारी संध्याकाळी येतोच." त्यांनी मान डोलावली. माझ्या मते घरात जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं.

बुधवारी आलो तेव्हा अंधार पडला होता. सासूबाई भलत्याच खुशीत होत्या. जेवण तयार, भांडी घासलेली, आणि घरभर पाठीला चोळायच्या मलमाचा वास. चहाचा कप त्या दोन्ही तळव्यांमध्ये अलगद धरत होत्या, बोटं न टेकवता. मी ते पाहिलं, पण नणंदेचं लोखंडी कपाट तीन मजले चढवून माझंच कंबरडं मोडलं होतं. काय झालं म्हणून विचारायचं राहून गेलं.

गुरुवारी सकाळी सात वाजता मी चहा घेऊन ओढ्याकडे गेले. म्हटलं, साहेब यायच्या आधी एक नजर टाकावी.

पट्टा नव्हता. म्हणजे जमीन जागच्या जागी होती, पण तिच्यावर गवताची काडी नव्हती. एकशे वीस मीटर लांब, चार मीटर रुंद, सगळं खुरपून, ढेकळं फोडून, दाताळ्याने ओढून असं सारखं केलं होतं की कुणी तिथे पाट मांडून जेवायला बसलं असतं. उपटलेलं तण ओढ्याच्या बाजूला ढीग करून रचलेलं. एकसारखे अठरा ढीग. मी ते मोजले, का मोजले ते मला विचारू नका. मधोमध तेवढा कमरेएवढ्या गवताचा एक झुबका उभा होता, बाकी सगळं साफ. कप हातातून कधी पडला ते कळलंच नाही.

सासूबाई स्वयंपाकघरात पाव कापत होत्या.

"आई, पट्टा कुणी खुरपला?"

"मी," त्या म्हणाल्या, आणि चक्क हसल्या. "बघून आलीस? तीन दिवस लागले. अगं, साहेब खास तेवढंच बघायला येणार, आणि तिथे ते एवढं रान माजलेलं. तो पलीकडचा ट्रॅक्टरवाला मला जाता-येता विचारतो, काकू, घरात माणसं आहेत ना? म्हटलं, परक्या माणसासमोर तरी शोभा नको."

मी तोंडाची फटकळ आहे. चांगल्या दिवशीही माझं बोलणं ऐकून लोक दचकतात, आणि हा चांगला दिवस नव्हता.

"तेच रान बघायला येतोय तो! तेच! ते माजलंय की नाही हे बघायला! त्याचेच पैसे मिळतात आपल्याला!"

"कशाचे?"

"तणाचे!"

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. "तणाचे पैसे कोण देतं?"

"सरकार देतं. पट्टा नाही तर अनुदान नाही. अनुदान नाही तर तुमचा मुलगा पुन्हा टँकरवर. काय केलंत तुम्ही हे? किती वेळा सांगायचं की..."

आणि माझं वाक्य तिथेच अडकलं.

"एकदाही नाही," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, उलट खालीच आणला. "मी तुला विचारलं होतं. गवत गुडघ्याएवढं झालं तेव्हा विचारलं होतं, हे काय ठेवलंय म्हणून. तू म्हणालीस, असू द्या हो आई, कागदाचं काम आहे, तुम्हाला नाही कळायचं. ओट्याला टेकून उभी होतीस. हातात काकडी होती."

त्यांना काकडीसुद्धा आठवत होती. मलाही आठवली मग. अर्धी खाऊन मी बाकीची अर्धी फोनवर बोलता बोलता नळाखाली धरली होती.

नवरा तोंड पुसत आत आला. त्याने सगळं ऐकलं होतं. आमच्या घरात न ऐकण्याची सोय नाही. "गुरं शिरली म्हणून सांगू," तो म्हणाला.

"गुरं तण उपटून ढीग रचतात का?"

त्याने टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला.

मी कपाटातून फाईल काढली. माझी लाडकी फाईल, प्रत्येक पानाला वेगळा रंगीत कागद लावलेला. नियम मला पाठ होते, तरी बोट ठेवून मोठ्याने वाचले. पट्टा नष्ट झाला आणि ते अनवधानाने झालं असेल, तर त्या वर्षाचं अनुदान निम्मं. अर्जदाराने खोटी माहिती दिली असेल, तर अनुदान बंद, मिळालेलं सगळं परत, आणि पाच वर्षं नवा अर्ज नाही. म्हणजे चुकीला माफी होती, खोट्याला नव्हती.

मग मी चौथं पान उघडलं. शेतात काम करणाऱ्या घरातल्या सर्व व्यक्तींची नावं लिहा. तिथे माझ्या ठळक, गोल अक्षरात दोन नावं होती: नवऱ्याचं आणि माझं. त्याखाली: या व्यक्तींना व घरातल्या इतर प्रौढांना पट्ट्याचे नियम समजावून सांगितले आहेत का? होय. खाली माझी सही.

दोन्ही ठिकाणी मी खोटं लिहिलं होतं. लिहिताना मला ते खोटं वाटलं नव्हतं, हे मी देवाशपथ सांगते. सासूबाई शेतात काम करतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ज्या बाईने बारा वर्षं शेत ओढलं ती मला त्या चौकोनात दिसलीच नाही. आणि 'इतर प्रौढ' वाचताना माझ्या डोळ्यांसमोर कोण होतं, देव जाणे.

नवऱ्याने माझ्या खांद्यावरून पान वाचलं. मग म्हणाला, "मालकाचा नंबर आहे अजून माझ्याकडे." बस, एवढंच. त्याने मला चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. सासूबाई तिथेच पाठमोऱ्या उभ्या राहून पावाला लोणी लावत होत्या. त्यांनी पान मागितलं नाही आणि मी दाखवलं नाही.

साहेब बरोबर दहाला आले. बारीक चणीचे, जाड चष्मा, खांद्याला पिशवी आणि हातात प्लास्टिकच्या नळ्यांची एक मीटरची चौकट. गवताच्या परागाचा त्यांना त्रास होता, त्यामुळे गाडीतून उतरल्यापासून शिंका. अशा माणसाला हेच काम कसं मिळालं हे मी एरवी विचारलंच असतं.

"नमस्कार आजी," ते सासूबाईंना म्हणाले.

"आजी कुणाची? बाई म्हणा," सासूबाई म्हणाल्या.

साहेबांची पद्धत अशी: पाठमोरं उभं राहून चौकट मागे फेकायची. ती जिथे पडेल तिथे वाकून आतली झाडं मोजायची, किती जातींची आहेत ते लिहायचं. अशा दहा जागा. पाच जाती भरल्या की पट्टा पास. आम्ही तिघं त्यांच्यामागून चालत गेलो. मी काहीही सांगितलं नाही, सांगायला तोंड नव्हतं. बांध ओलांडला आणि साहेब थांबले. त्यांनी नकाशा बघितला, ओढा बघितला, पुन्हा नकाशा बघितला.

"हाच का?"

"हाच," नवरा म्हणाला.

तरी त्यांनी चौकट फेकली. नियम म्हणजे नियम. ती मऊ, भुसभुशीत मातीत पडली. साहेबांनी वाकून बघितलं आणि वहीत शून्य लिहिलं. मग दुसऱ्यांदा फेकली. दहा वेळा फेकली, दहा शून्यं लिहिली, आणि प्रत्येक शून्याबरोबर मी आणखी थोडी खचत गेले. शेवटी ते त्या एकुलत्या एका झुबक्यापाशी गेले, गवत हलक्या हाताने बाजूला केलं, आत बघितलं आणि फोटो काढला. विचारलं मात्र काही नाही.

"घरात बसून बोलू," ते म्हणाले.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. साहेबांनी माझ्याच अर्जाची प्रत काढली, चौथं पान वर ठेवलं आणि एक छापील कागद काढला. "ज्या व्यक्तीच्या हातून पट्टा गेला, तिचा जबाब लागतो. कुणी केलं हे?"

"मी," सासूबाई म्हणाल्या.

आता सगळं त्यांच्या हातात होतं. त्यांना खोटं बोलायची काही गरज नव्हती. सकाळी मला सांगितलं तेच साहेबांना सांगितलं असतं तरी माझा निकाल लागला असता, आणि त्यांचा शब्द खराच होता. मी त्यांच्या जागी असते तर नक्की सांगितलं असतं, काकडीसकट.

"बाई, तुम्ही शेतात काम करता?"

सासूबाईंचे हात टेबलावर होते. तळव्यांना खुरप्याचे फोड, एक फुटलेला. त्यांनी ते हात उचलून मांडीवर घेतले.

"का हो?"

"अर्जात दोनच नावं आहेत, म्हणून विचारतो." साहेबांनी पान त्यांच्याकडे फिरवलं.

सासूबाईंनी चष्मा लावला आणि पानावर वाकल्या. त्यांना वाचता उत्तम येतं; हळू वाचतात, पण एक अक्षर सोडत नाहीत. पहिलं नाव वाचलं. दुसरं वाचलं. खालच्या तीन रेघा कोऱ्या होत्या, त्यांवरही त्यांची नजर फिरली. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. अकरा वर्षांत मी त्यांना उलट बोलले होते, रुसले होते, दार आपटलं होतं. पण त्या तीन कोऱ्या रेघांइतकं वाईट मी त्यांच्याशी कधी वागले नव्हते.

त्यांनी चष्मा काढला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "हे दोघंच करतात. मी घरात असते. म्हातारी आहे मी, मला कुठे आता शेत झेपतंय?"

नवऱ्याने मान खाली घातली.

"मग पट्ट्यात कशा गेलात?"

"गेले आपली. हे दोघं नव्हते घरी. बसून बसून कंटाळा येतो."

"तिथलं तण काढायचं नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं की. सुनेने सांगितलं होतं." क्षणभर थांबून त्यांनी वर जोडलं, "दोनदा."

"साहेब..." माझ्या तोंडून निघालं.

"तू चहा टाक," सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. माझ्या सासूबाईंच्या 'चहा टाक'पुढे भलेभले उठून उभे राहतात. मी उठले.

"दोनदा सांगितलं होतं," साहेब लिहिता लिहिता म्हणाले, "मग कसं झालं?"

"विसरले. हल्ली माझ्या डोक्यात काही राहत नाही. आत्ता सांगाल ते संध्याकाळी विसरेन."

मी पातेलं गॅसवर ठेवलं आणि पाणी न ओतता तशीच उभी राहिले. साहेबांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. नवऱ्याकडे बघितलं, माझ्या पाठीकडे बघितलं असणार, मग पुन्हा सासूबाईंकडे.

"मध्ये एक झुबका ठेवलाय तुम्ही."

"हो. त्यात पाखराची अंडी आहेत. चार."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. माझ्याही आलं. साहेबांचं पेन थांबलं.

"चार आहेत, हे आठवतं?"

सासूबाईंनी हनुवटी वर केली. "अंडी आठवतात. माणसांचं बोलणं विसरते."

साहेबांना एकापाठोपाठ तीन शिंका आल्या. त्यानंतर ते बराच वेळ लिहीत राहिले, आणि मग नियमाप्रमाणे त्यांनी लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं. "मी शेतात काम करत नाही. नियमांची माहिती मला दोन वेळा देण्यात आली होती. वयामुळे माझी स्मरणशक्ती कमी झाली असून त्यामुळे ती माहिती माझ्या लक्षात राहिली नाही. अनवधानाने माझ्या हातून पट्ट्यातलं तण काढलं गेलं. चूक माझी आहे." वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "बरोबर आहे बाई? बदलायचं असेल काही तर आत्ता सांगा. एकदा सही झाली की कार्यालयाच्या दप्तरात कायमचं जातं."

"काही बदलायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. तरी त्यांनी कागद ओढून घेतला, पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वाचला आणि मग सही केली. फोडांमुळे पेन नीट धरता येत नव्हतं. सही वाकडी आली.

चहा घेऊन साहेब उठले. यंदा निम्मं अनुदान मिळेल, म्हणाले. पट्ट्यात पुढच्या तपासणीपर्यंत पाय ठेवू नका, जे उगवेल ते उगवू द्या. "उगवेल ना?" त्यांनी विचारलं. "तणच ते, त्याला काय धाड भरलीय?" नवरा म्हणाला, आणि सकाळपासून पहिल्यांदा जरासा हसला. त्यांना गाडीपर्यंत सोडायला तो बाहेर गेला. दारात वळून मला म्हणाला, "निम्म्यात भागवू. टँकर नाही."

स्वयंपाकघरात आम्ही दोघीच उरलो. सासूबाई कप कधी एका, कधी दुसऱ्या तळव्यावर तोलत उरलेला चहा पीत होत्या. मी समोर बसले. या बाईपाशी मिरवण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या, हातातलं काम आणि डोक्यातली आठवण. त्या दोन्ही तिने माझ्यासाठी एका शिंकणाऱ्या परक्या माणसाला लिहून दिल्या होत्या. वर 'चूक माझी' असंही कबूल केलं होतं, जी तिची नव्हतीच. आणि मी मात्र पातेल्यासमोर उभी राहिले होते. मी रडायला लागले, अगदी हुंदके देऊन, लहान मुलीसारखी.

"रडायचं नंतर," सासूबाई म्हणाल्या. "आधी ती फाईल आण."

मी फाईल आणली.

"आई, पुढच्या अर्जात तुमचं नाव मी सगळ्यात वर..."

"पुढच्याचं पुढे. मी आजवर खोट्या कागदावर सही केलेली नाही. तुझे सासरे होते तेव्हाही नाही, ते गेल्यावरही नाही. आज केली." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "शेतात जात नाही म्हटलं, ते आता पुसता येत नाही. पण सुनेने सांगितलं होतं असंही म्हटलंय. तेवढं तरी खरं होऊ दे. सांग."

मी डोळे पुसले आणि पहिलं पान उघडलं. पट्टा कशासाठी, मधमाश्या कुठल्या फुलांवर येतात, औषध ओढ्यात कसं उतरतं, गवत बी धरेपर्यंत का थांबायचं, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं दहा मिनिटांचं काम आहे, तासभर लागला. त्या प्रत्येक ओळीला थांबवून प्रश्न विचारत होत्या. पिवळ्या फुलाच्या त्या गवताचं बी कागदात लिहिलंय त्यापेक्षा तीन आठवडे उशिरा पिकतं, हे त्यांनी मला सांगितलं, आणि मी ते फाईलच्या समासात लिहून घेतलं. शेवटच्या पानावर आले तेव्हा माझा आवाज बसला होता.

मी फाईल मिटायला लागले, तर त्यांनी फोड आलेला हात पानावर ठेवला.

"दोनदा म्हटलंय मी," त्या म्हणाल्या. "पुन्हा सांग."

मी पहिलं पान उघडलं.